वयाइतके ठोसे

वय चोरणारी माणसं मी ढिगाने पाहिली आहेत. माझा धंदाच तो. तळोज्याच्या एका केमिकल कारखान्यात पर्सोनेल खात्यात मी बावीस वर्षं काढली. निवृत्ती जवळ आली की कामगार गावच्या शाळेतून नवा दाखला घेऊन येतो, आणि त्या दाखल्यावर तो एकदम तीन वर्षांनी लहान झालेला असतो. हे मला सवयीचं. पण वय वाढवून सांगणारा माणूस आयुष्यात एकच भेटला, आणि त्याने माझ्या डोक्यात जो गोंधळ घालून ठेवला तो आजपर्यंत निस्तरलेला नाही.

सगळे त्यांना सर म्हणायचे. सगळे म्हणजे माझे बाबा आणि पनवेलच्या तळ्याकाठी रोज सकाळी सहाला जमणारी दहा-बारा म्हातारी माणसं. नव्वदच्या आसपासची ही गोष्ट. तेव्हा गल्लोगल्ली कराटेचे क्लास निघाले होते, पोरं पांढरे कपडे घालून शाळांच्या हॉलमध्ये बोंबलत असायची. सरही कराटेच शिकवायचे, पण त्यांच्याकडे पंचावन्नच्या आतल्याला प्रवेश नव्हता. "पोरांना काय शिकवाचं? ती पडली तरी उठतात. उठाचं शिकवाचं ते म्हाताऱ्यांना," असं त्यांचं म्हणणं.

त्यांचा पोशाख पनवेलातल्याच एका शिंप्याने मांजरपाटाचा शिवलेला होता. कमरेचा काळा पट्टा धुऊन धुऊन करडा झाला होता. सुकापूरहून ते चालत यायचे, चपला हातात घेऊन. का, तर चपला झिजतात, पाय झिजत नाहीत. ही विद्या ते कुठे शिकले हेही नक्की कळायचं नाही. एकदा म्हणाले बोटीवर नोकरीला होतो, तिथे एका जपानी खलाशाने शिकवलं. दुसऱ्यांदा तोच खलाशी पुण्याचा सुभेदार झाला होता. कुणी हटकलं तर म्हणायचे, "दोघांनी शिकवलं. अर्धं-अर्धं."

गुडघ्याला ते सासू म्हणायचे. "सासूला इचारल्याबिगर उठाचं नाय. आधी तिच्याकडं बघाचं, मंग भार टाकाचा." जन्मभर खुर्चीवर बसून नोकऱ्या केलेली माणसं मग मान खाली घालून आपापल्या गुडघ्यांकडे अदबीने बघायची. क्लासचा निम्मा वेळ जमिनीवर बसणं आणि हात न टेकता उठणं यातच जायचा. लाथा अगदी थोड्या, त्याही कमरेच्या खाली.

आणि शेवटी ठोसे. घोड्यावर बसल्यासारखे गुडघे वाकवून उभं राहायचं आणि समोरच्या हवेत ठोसे मारायचे, एक डावा, एक उजवा. किती? तर आपल्या वयाइतके. मोठ्याने मोजत. अठ्ठावन्नचा अठ्ठावन्नला थांबायचा आणि हात खाली सोडून गप उभा राहायचा, एकसष्टचा एकसष्टला. जगात सगळीकडे वय वाढलं की काम कमी करून देतात. सरांकडे वाढदिवसाला एक ठोसा वाढायचा. हळूहळू आवाज कमी होत जायचे आणि शेवटी तळ्यावर एकच आवाज उरायचा, सरांचा. बाकी सगळे देवळात आरती चालू असल्यासारखे उभे असायचे.

बाबा तिथे गेले ते शेजारच्या काकांनी बळेच नेलं म्हणून. चौसष्टाव्या वर्षी ते न्हाणीघरात घसरले होते. मोडलं काही नाही, पण त्या दिवसापासून ते खिडकीजवळच्या खुर्चीत जे बसले ते बसलेच. बाजारात जाणं सोडलं. पाण्याचा तांब्यासुद्धा आईने हातात द्यायचा. डॉक्टर म्हणायचे, यांना काही झालेलं नाही. आई म्हणायची, "तेच तर झालंय त्यांना." मी रात्रंदिवस एकच विचार करायचो, की माणूस असा बसल्या जागी संपतो का.

पहिल्या दिवशी मी बाबांना स्कूटरवरून सोडलं आणि कट्ट्यावर बसलो. सरांना बघून चकितच झालो, कारण ते आमच्याच कारखान्यात बॉयलरवर कामाला होते. पांढरे केस, समोरचे दोन दात नाहीत, उष्णतेने चेहऱ्याला सुरकुत्या. पन्नाशी ओलांडलेले असावेत असं मी धरून चाललो होतो. बाबा चौसष्टला धापा टाकत थांबले. सर मोजत राहिले. पासष्ट. सहासष्ट. मग हात खाली सोडून म्हणाले, "काय आबा, दमलात? मी तुमच्यापेक्षा दोन वर्सांनी मोठा हाय."

बाबा परत येताना स्कूटरवर मागे बसून सारखं म्हणत होते, "सहासष्ट! आणि कसा उभा राहतो!" मी वेगळ्याच विचारात होतो. आमच्याकडे अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्ती. हा माणूस आठ वर्षं माझ्या नजरेतून सुटला कसा? ऑफिसात गेल्या गेल्या मी त्यांची फाईल काढली. गव्हाणच्या बाजूच्या शाळेचा दाखला होता. त्या हिशोबाने सर सत्तेचाळीस वर्षांचे होते.

मी फाईल मिटली आणि ठेवून दिली. खरं म्हणजे त्याच संध्याकाळी बाबांना सांगायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी बाबा स्वतः उठून पाणी प्यायले होते.

पुढे चार-सहा महिन्यांत ते बाजारात जायला लागले, दोन पिशव्या घेऊन. माळ्यावरची ट्रंक काढायला स्टुलावर चढले तेव्हा आई खालून ओरडली, "आता तुम्हाला लढाईवर पाठवणार आहेत का?" तर हे वरून म्हणतात, "सहासष्टाव्या वर्षी तो माणूस एका पायावर उभा राहतो, मी स्टुलावर चढू नको?"

मग एक दिवस तळ्यावर एक निवृत्त हेडमास्तर आले, सगळ्यांचे गुरुजी. वय एकाहत्तर. मला उगीचच धाकधूक वाटायला लागली. ठोसे सुरू झाले. बाबा थांबले. सहासष्टला सर थांबले नाहीत. गुरुजी रडतखडत एकाहत्तरला पोचले, आणि सरांनी शांतपणे बहात्तर, त्र्याहत्तर केलं.

"सर, मागे सहासष्ट म्हणाला होतात ना?" शेजारच्या काकांनी विचारलंच.

"मागं सात वर्सं चोरली व्हती," सर म्हणाले. "खरं वय सांगितलं की नजर लागते."

मला वाटलं, आता फुटलं. कुठलं काय! म्हाताऱ्यांच्या चेहऱ्यावर असा काही आदर पसरला की बस. बाबा घरी येऊन आईला म्हणाले, "त्र्याहत्तर निघाला अगं तो!" मी चहा पीत बसलो. बसलो म्हणजे काय, मला काय करावं तेच कळत नव्हतं. खोटं बोलणाऱ्या माणसाचा राग यायला हवा, तर या माणसाने माझ्या बापाला खुर्चीतून उठवलं होतं. बरं, उपकार मानावेत तर पर्सोनेलचा माणूस म्हणून माझ्या अंगावर काटा यायचा.

आणि मग ते पत्र आलं. निनावी. अमुक अमुक कामगार पनवेलच्या तळ्यावर वयाइतके ठोसे मारतो आणि चारचौघांत आपलं वय त्र्याहत्तर सांगतो, तेव्हा त्याने खोट्या दाखल्यावर पंधरा वर्षं जास्त नोकरी केली आहे, चौकशी व्हावी. आमचे मॅनेजर नवीन होते आणि माणसं कमी कशी करता येतील याच विवंचनेत असायचे. एरवी ते पत्र बघून हसले असते, पण तेव्हा हसले नाहीत. मला म्हणाले, "तुमचे वडील जातात ना तिथे? त्यांना घेऊन या. समोरासमोर विचारू. ते म्हणाले की हा स्वतःच त्र्याहत्तर सांगतो, तर आपण दाखला फेटाळू."

सरांना दोन मुली होत्या, दोघी शाळेत. नोकरी गेली असती तर घर बसलं असतं. आणि नोकरी वाचवायची तर माझ्या बाबांसमोर सांगावं लागणार होतं की मी अठ्ठेचाळीसचा आहे. तेवढं एक वर्ष मध्ये गेलं होतं.

चौकशीच्या दिवशी बाबा इस्त्रीचा सदरा घालून आले. सर बॉयलरवरून तसेच आले, खाकी कपड्यांत, आणि बाबांना बघून दारातच थांबले. मी कोपऱ्यात वही घेऊन लिहायला बसलो होतो. मॅनेजरनी विचारलं, "तुमचं वय किती?"

सर टेबलाच्या कडेकडे बघत होते. मग म्हणाले, "अठ्ठेचाळीस."

"मोठ्याने सांगा."

"अठ्ठेचाळीस, साहेब. दाखल्यावर हाय तेच खरं."

मॅनेजर बाबांकडे वळले. "हे तुम्हाला वय किती सांगतात?"

माझे बाबा तहसील कचेरीत हेडक्लार्क होते. उभ्या आयुष्यात खोटं बोलल्याचं मला माहीत नाही. ते सावकाश म्हणाले, "मी कधी विचारलं नाही. गुरूला वय विचारायची रीत नाही आमच्यात."

"पण ते ठोसे—"

"व्यायामाला आकडा लागतो, साहेब. कुठला तरी घ्यायचा."

प्रकरण तिथेच मिटलं. मला हायसं वाटलं. नोकरी वाचली होती, खरंही एकदाचं बाहेर आलं होतं. परतताना बाबा स्कूटरवर काही बोलेनात, तेव्हा मला वाटलं मनाला लागलं असणार. खांदा कॉलनीच्या नाक्यावर ते एकदम म्हणाले, "पोटासाठी माणसाला काय काय बोलावं लागतं बघ. त्र्याहत्तर वर्षांचा माणूस, मान खाली घालून अठ्ठेचाळीस म्हणतो. मला त्याच्याकडे बघवेना."

मी स्कूटर बाजूला घेतली. "बाबा, त्यांचा दाखला मी स्वतः बघितलाय. जन्मतारीख आहे त्यावर, एक जून."

"मग माझ्या दाखल्यावर काय आहे? मीही एक जूनचाच. आमच्या वर्गात चाळीस पोरं होती, चाळीसच्या चाळीस एक जूनला जन्मलेली. नाव घालायला गेलं की मास्तर तोंडाकडे बघून वर्ष टाकायचा. दाखल्याचं काय सांगतोस मला!"

याचं उत्तर पर्सोनेलमधल्या कुणाकडेच नसतं. क्षणभर मलाही वाटून गेलं की बाबांचंच खरं असेल आणि सर खरोखरच त्र्याहत्तरचे असतील. त्या दोन दात नसलेल्या तोंडाकडे बघून काहीही खरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम लवकर तळ्यावर गेलो. बातमी सगळ्यांना कळलेली होती. ठोसे सुरू झाले, आणि सर अठ्ठेचाळीसला थांबले. हात खाली सोडले. सगळ्यांच्या आधी. बाकीचे मोजता मोजता अडखळले आणि तेही थांबले. सर म्हणाले, "माझं इतकंच हाय. काल साहेबांना सांगितलं तेच खरं. मी तुमच्याशी खोटं बोललो."

मग गुरुजी पुढे आले, सरांच्या पाठीवर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाले, "सर, घाबरू नका. इथे कंपनीचं कुणी नाही. आणि हा आबांचा मुलगा आपलाच आहे. तुम्ही पुरे करा."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी तळ्याकडे बघितलं. थोड्या वेळाने मागून आवाज आला, एकोणपन्नास, पन्नास, एक्कावन्न. ते त्र्याहत्तरपर्यंत गेले.

खरं सांगून टाकणं इतकं अवघड असतं हे मला माहीत होतं. सांगितलेलं खरं कुणी घेतच नाही, हे मात्र नवीन होतं.

त्यानंतर आठवड्याभराने सर जेवणाच्या सुट्टीत माझ्या टेबलाशी आले. खुर्चीत बसले नाहीत. टोपी हातात घेऊन उभे. "साहेब, माझ्या बापाची गोष्ट सांगू? साठीत चिखलात पडला. हाड शाबूत. पण बाजेवर पडला तो उठलाच नाय. पाय चांगले व्हते, मन बसलं व्हतं. म्हनून मी म्हाताऱ्यांना शिकवाला लागलो. पयल्यांदा खरं वय सांगितलं, तर येक जन बोलला, तू जवान हायेस, तुला काय कळनार आमचं? आनि गेला निघून. दुसऱ्याला मी साठ सांगितलं. तो ऱ्हायला."

"मग आता?"

"आता खांद्यात कळ येते. छातीत भरून येतं. पाळी करून मंग ह्ये. मना सत्तेचाळीसवर... नाय, अठ्ठेचाळीसवर थांबाचं हाय. माझं ते ऐकत नाय. तुमी कागद घेऊन चला. तुमच्या बाबांना सांगा, सगळ्यांसमोर सांगा. तुमचं ऐकतील."

मी सांगतो म्हणालो. डॉक्टरांना दाखवा, असंही म्हणालो. त्यांनी मान हलवली.

संध्याकाळी घरी गेलो तर बाबा जिन्याने वर येत होते, कठड्याला न धरता, हातात दळणाचा डबा. मला बघून म्हणाले, "काय रे, दमलास?" मी दाखल्याची नक्कल पिशवीत घेऊन आलो होतो. ती मी पिशवीतून बाहेर काढली नाही. आज नको, उद्या सांगू, असं ठरवलं. त्या उद्या-उद्यात दीड वर्ष गेलं. सर मला कारखान्यात दिसायचे, पण पुन्हा कधी टेबलाशी आले नाहीत. मीही त्यांच्या खात्याच्या बाजूने जाणं टाळायला लागलो. कशासाठी, हे मला नीट कळत होतं, आणि कळत नाही असं मी स्वतःला सांगत होतो. तळ्यावर त्यांचा आकडा चुकला नाही. पंचाहत्तरपर्यंत गेला.

मग एक दिवस पहिल्या पाळीत सर बॉयलरच्या शिडीशी बसले आणि तिथेच गेले. हृदयाचा झटका. ठोसे हे कारण होतं का, हे मी आमच्या कंपनीच्या डॉक्टरना विचारलं. ते म्हणाले, असं सांगता येत नाही. एरवी तो माणूस पन्नाशीतही गेला असता, किंवा नसताही. डॉक्टरचं हे उत्तर मी इतक्या वेळा मनात फिरवून पाहिलं आहे, पण त्याचा अर्थ मला लागलेला नाही.

सुकापूरला त्यांच्या घरी मी कंपनीतर्फे गेलो, आणि बाबांना सोबत नेलं. तळ्यावरची मंडळी दोन रिक्षा करून आधीच आली होती. घर लहान, पत्र्याचं. सरांची बायको भिंतीला टेकून बसली होती, डोळे कोरडे. दोन्ही मुली शाळेच्या गणवेशात तशाच आत उभ्या. गुरुजी पुढे होऊन तिला सांगत होते, "बाई, धीर धरा. पंचाहत्तर वर्षं म्हणजे भरलेलं आयुष्य. चालता-बोलता गेले, सोनं झालं त्यांचं." बाकीचे माना हलवत होते. मुलींकडे बघून शेजारचे काका बाबांच्या कानाशी म्हणाले, "दुसरेपणाची दिसते." त्यांना वाटलं हळू बोललो. घर एवढं लहान होतं की सगळ्यांना ऐकू गेलं.

ती उठली आणि सरळ माझ्याकडे आली. "भाऊ, तुमी कंपनीतले ना? ही मानसं कोनाच्या घरी आल्यात? सकाळपास्नं ऐकतेय, पंचाहत्तर, पंचाहत्तर. माझं लगीन झालं तवा तो एकवीसचा व्हता न मी सतराची. मना कोनी दुसरी म्हनून आनली नाय. माझा मानूस अवेळी गेला, न ही म्हनतात सोनं झालं. तुमच्याकडं कागद हाय ना? यांना सांगा."

मला दीड वर्ष जमलं नव्हतं ते त्या बाईने एका दमात सांगून टाकलं होतं. मी म्हणालो, "या खरं सांगतायत. सर पन्नास वर्षांचे होते. फाईल माझ्याकडे आहे. मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

गुरुजी खाली बसले. काकांनी तोंड फिरवलं. बाबा माझ्याकडे बघत राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही जायचं सोडाल असं वाटलं."

"मी सोडलं असतं?" ते म्हणाले. मला विचारत होते की स्वतःला, तेही कळलं नाही. उत्तर मला आजही देता येत नाही. बाबा चौऱ्याऐंशी वर्षांचे होईपर्यंत जगले, शेवटपर्यंत आपल्या पायांनी हिंडले. पण तो प्रश्न त्यांनी मला पुन्हा विचारला नाही.

त्या दिवशी ते तिथून उठून सरांच्या बायकोसमोर गेले. सदुसष्ट वर्षांचा माणूस, तिच्यासमोर हात जोडून उभा राहिला. "बाई, आमचं चुकलं," म्हणाले. "फार लहान होता हो तो. माझ्यापेक्षा सतरा वर्षांनी लहान." एवढं बोलून ते तिथेच उभ्या उभ्या रडायला लागले.

मग तीही रडली. सकाळपासून ती पहिल्यांदाच रडत होती.